जत्रेचे खाजे आणि रंगपटातली खाज

गोव्यातल्या उत्सवी नाटकांत उभे राहणारे हौशी कलाकार, त्यांचे दिग्दर्शक, मेकअपमन, नाटकाचे पोशाख भाड्याने देणारे ड्रेपरीवाले आणि गावोगावच्या नाट्यमंडळांचे कार्यकर्ते यांना,

स. न. वि. वि.

चतुर्थीचे गणपती बोळवले की आपल्याकडे गावागावांत एकच चर्चा सुरू होते. यंदा जत्रेला नाटक कुठले? ऐतिहासिक की पौराणिक, महाराजांच्या भूमिकेला कोण, स्त्रीपात्रे कुठून आणायची, ड्रेपरी कोणाची सांगायची. या चर्चेत आजवर कधीच न निघालेला एक विषय तुमच्यापुढे ठेवतो. रंगपटात एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जाणाऱ्या रोगांचा. विषय जरा लाजिरवाणा आहे, पण लाज धरूनच तो वाढला आहे.

मी फोंडा तालुक्यातला. दिवसा फार्मसीच्या काउंटरमागे उभा असतो आणि गेली सव्वीस वर्षे जत्रेच्या रात्री कधी सरदार, कधी ऋषी, एकदा तर ऐनवेळी कोणी नाही म्हणून कैकेयी. त्यामुळे दोन्ही जागा मला आतून ठाऊक आहेत. रोग जिथे मिळतो ती, आणि त्याचे औषध मागायला माणसे जिथे येतात ती.

जत्रा आटोपून दोन-तीन आठवडे झाले की माझ्या काउंटरवर ओळखीचे चेहरे दिसू लागतात. दुकानात दुसरे गिऱ्हाईक असले तर बाहेर थांबतात, ते गेले की आत येतात. पंधरवड्यापूर्वी मंडप हादरवणारा आवाज माझ्या कानाशी येऊन पुटपुटतो, ‘भाई, ती खाजेची ट्यूब दे रे.’ जत्रेतून घरी न्यायचा गोड खाऊ म्हणजे खाजे. आम्ही खाज घेऊन जातो.

आपला रंगपट आठवा. देवळाच्या अग्रशाळेतली, म्हणजे आवारातल्या धर्मशाळेतली, एक खोली, एक ट्यूबलाइट, खुंट्यांवर सगळ्यांचे शर्ट एकावर एक. मेकअपमनची पेटी उघडते. पॅनकेकचा एक डबा, एक स्पंज, प्लॅस्टिकच्या मगात पाणी. पहिला चेहरा महाराजांचा, अकरावा भालदाराचा. स्पंज तोच, पाणी तेच. सातव्या चेहऱ्यापर्यंत त्या पाण्याला चहाचा रंग येतो आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही, कारण आधीच्या पिढीनेही असेच तोंड रंगवले. मग काजळाची एकच पेन्सिल बावीस डोळ्यांतून फिरते. मिशी चिकटवायचा ब्रश स्पिरिट गमच्या बाटलीतून ओठावर आणि ओठावरून पुन्हा बाटलीत. जो घरून दाढी करून आलेला नसतो त्याच्यासाठी खिडकीत एक रेझर पडलेला असतो. तो मूळचा कोणाचा, हे सव्वीस वर्षांत मला कळलेले नाही. शेवटी ड्रेपरीची ट्रंक. मखमलीचा अंगरखा चढवताना पाठीला गार लागते. तो घाम आपला नसतो, काल रात्रीच्या गावातल्या सरदाराचा असतो.

जंतूला पाय नसतात. त्याला एका कातडीवरून दुसऱ्या कातडीवर कोणीतरी न्यावे लागते, आणि आपल्या रंगपटात आपण ते काम अगदी हौसेने करतो. त्यात पुन्हा आपली कातडी त्या रात्री धड नसते. दाढी करताना बारीक कापलेले असते, चिकटवलेली दाढी ओढून काढताना साल निघालेली असते, खोबरेल तेल लावून फडक्याने तोंड खसाखसा पुसलेले असते. म्हणजे पाहुण्यासाठी दारही उघडे ठेवलेले.

डोळे येण्यापासून सुरुवात करतो, कारण त्याबद्दल आपल्यात एक समजूत घट्ट बसलेली आहे. २०२३ च्या पावसाळ्यात देशभर डोळ्यांची साथ आली तेव्हा जो तो काळा चष्मा लावून फिरत होता. डोळे आलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाहिले की आपलेही येतात, असे शिकलेली माणसेही सांगत होती. नजरेने काही येत नाही. आलेल्या डोळ्याचे पाणी बोटाला लागते, ते बोट टॉवेलला, दाराच्या कडीला, काजळाच्या पेन्सिलीला लागते आणि तिथून ते दुसऱ्याच्या डोळ्यात जाते. बहुतेक साथींमागे असतो तो अॅडेनोव्हायरस, आणि तो कोरड्या प्लॅस्टिकवर किंवा धातूवर आठवडेच्या आठवडे टिकून राहू शकतो. आता रंगपटातली ती पेन्सिल आठवा. १९७१ साली बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे येत होते तेव्हा बंगालात अशीच साथ फैलावली आणि लोकांनी तिचे नाव चक्क ‘जय बांगला’ ठेवले. नाव द्यायला आपण हुशार.

कोविडपासून आपल्या मंडळांनी एक सवय उचलली, ती म्हणजे रंगमंचाच्या पायरीशी सॅनिटायझरची बाटली. बाटली चांगली, पण अॅडेनोव्हायरसला ती फारशी बाधत नाही. अल्कोहोल मोडते ते मुख्यतः विषाणूभोवतीचे स्निग्ध आवरण. कोरोनाला ते होते, याला नाही. इथे साबण आणि वाहते पाणीच कामाचे, वीस सेकंद हात चोळून. अग्रशाळेच्या मागे नळ असतोच. साबण मात्र मी एकाही रंगपटात पाहिलेला नाही. पायरीशी बाटली आणि आत अकरा जणांत एक स्पंज, याला मी सोंग म्हणेन, आणि आपण सोंगे घेणारी माणसे असल्यामुळे हे आपल्याला लवकर कळायला हवे.

आता मुख्य दुखणे, म्हणजे गजकर्ण.

ही बुरशी. कातडी, केस आणि नखे ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाची बनतात त्यावरच ती जगते. घाम, ऊब आणि घट्ट कपडा मिळाला की कंबर, जांघ, काख, मानेवर गोल चट्टा उठतो. कडा लाल, मध्ये जरा साफ. खाजवले की कोंडा गळतो आणि त्या कोंड्यात तिचे बीज असते. ते कपड्यात महिनोन् महिने टिकू शकते. घामट मखमल, ट्रंकेचे बंद झाकण आणि आपल्या किनाऱ्याची दमट हवा. बुरशीला याहून चांगली अग्रशाळा मिळायची नाही.

मी धंद्यात आलो तेव्हा गजकर्ण म्हणजे किरकोळ गोष्ट होती. साधे मलम दोन-चार आठवडे लावले की संपले. गेल्या दहा-बारा वर्षांत देशभर चित्र पालटले. बरे होते, परत येते, घरातल्या सगळ्यांना होते, गोळ्यांनाही दाद देत नाही. या हट्टी बुरशीच्या एका जातीला २०२० मध्ये जपानी संशोधकांनी ट्रायकोफायटन इंडोटिनी असे नाव दिले. भारत आणि नेपाळमधून गेलेल्या रुग्णांच्या कातडीत ती त्यांना सापडली होती. तिच्या नावातच आपला देश आहे. टर्बिनाफिन हे वर्षानुवर्षांचे भरवशाचे औषध, तिच्या पुष्कळ वाणांवर ते चालत नाही.

आणि यात त्या ट्यूबचा, म्हणजे माझाही हात आहे.

ती ट्यूब साधी नसते. तिच्यात बुरशीचे औषध असते, जिवाणूंचे असते आणि तिसरे असते स्टेरॉइड, पुष्कळदा क्लोबेटासॉल, म्हणजे त्या कुळातले सर्वांत जहाल. लावल्यावर दोन दिवसांत खाज जाते, लाली जाते. माणूस म्हणतो, काय औषध आहे! प्रत्यक्षात स्टेरॉइडने शरीराची लढाई थांबवलेली असते. आरडाओरडा बंद झाला म्हणजे चोर गेला असे नव्हे. बुरशी आत निवांत पसरते, चट्ट्याची कडा पुसली जाते आणि पुढे डॉक्टरलाही पाहताक्षणी ओळखता येत नाही. ट्यूब थांबवली की दुप्पट उसळते, म्हणून माणूस ती थांबवत नाही. महिनोन् महिने लावली की कातडी कागदासारखी पातळ होते आणि जांघेत पट्टे उमटतात. ते पट्टे जन्मभर जात नाहीत. २०१८ मध्ये केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइडयुक्त मलमे शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. कायदा झाला. काउंटरवर मात्र ओळखीचा माणूस उभा असतो, परवा त्याचा प्रयोग असतो, आणि तो पुटपुटतो, ‘भाई...’

मी दिली. एकदा नव्हे, अनेकदा दिली. आमच्या नाटकातल्या सेनापतीला तीन वर्षांपूर्वी जत्रेनंतर कमरेला चट्टा आला. तालमीतला मित्र, बरोबर वाढलेला. त्याने ट्यूब नेली, मग दुसरी नेली, मग मुलाला पाठवून नेली. वर्षभराने त्याच्या बायकोला झाले, मग धाकट्या मुलीच्या मानेवर उठले. शेवटी तो बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागात गेला. तिथल्या डॉक्टरांनी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, घरातल्या तिघांना एकाच वेळी औषध सुरू केले आणि त्याला विचारले, ही ट्यूब कोणी दिली? त्याने माझे नाव सांगितले नाही. ते मला त्याने स्वतः सांगितले, हसत हसत. त्याच्या जांघेतले पट्टे आहेत तसेच आहेत. त्या दिवसापासून चिठ्ठीशिवाय ती ट्यूब माझ्या दुकानातून जात नाही. थोडी गिऱ्हाइके तुटली. शेजारच्या गल्लीत मिळते, हेही मला माहीत आहे.

खरजेची गोष्ट वेगळी आहे, आणि इथे मी ड्रेपरीवाल्यांची बाजू घेणार आहे. खरूज झाली की आपण पहिले बोट कपड्यांकडे दाखवतो. तो किडा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान, कातडीत बोगदा करून राहणारा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात केनेथ मेलनबी नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने युद्धाला नकार दिलेल्या स्वयंसेवकांना खरजेच्या रुग्णांच्या पांघरुणांत झोपवले. सगळ्यांची खात्री होती की यांना धडाधड खरूज होणार. झाली ती अगदी मोजक्यांना. ती पसरते मुख्यतः कातडी कातडीला बराच वेळ लागून राहिल्याने. आता सांगा, तिसऱ्या अंकात प्रवेश असलेले आपले मावळे मध्यरात्रीपासून काय करतात? एका चटईवर एकमेकांच्या अंगावर हातपाय टाकून घोरतात. अंगरख्याला तुम्ही उगाच शिव्या देता. माणसाच्या अंगापासून सुटलेला किडा दोन-तीन दिवसांत मरतो.

आणखी एक. पहिल्यांदा खरूज झालेल्याला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात, पण तोवर तो ती इतरांना वाटत असतो. म्हणजे ‘हे अमक्यामुळे आले’ असे ज्याच्याकडे बोट दाखवता, तो बहुधा दोषी नसतोच. आमच्या गावात एका पडदे ओढणाऱ्या मजुराच्या पोराला याच संशयावरून मंडपाबाहेर बसवले होते. नंतर कळले, त्याला खरूज नव्हतीच, घामोळे होते. उपाय एकाला हाकलण्यात नाही. घरातल्या सगळ्यांनी, खाज असो वा नसो, एकाच रात्री मानेपासून तळव्यापर्यंत डॉक्टरने दिलेले मलम लावायचे, सकाळी धुवायचे आणि आठवड्या-पंधरवड्याने पुन्हा लावायचे. त्यानंतरही दोन-तीन आठवडे खाज राहते. म्हणून घाबरून पुन्हा पुन्हा मलम फासू नका.

टोपातल्या उवांची भीती फार आहे, पण डोक्यावरून उतरलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते. दोन दिवस न वापरलेला टोप बिनधास्त घाला. रेझरबद्दल मात्र मी ऐकून घेणार नाही. काविळीचा ब विषाणू सुकलेल्या रक्ताच्या ठिपक्यात निदान सात दिवस जिवंत राहतो. खिडकीतला तो रेझर यंदा कोणीतरी उचलून फेकून द्या.

मग करायचे काय? यासाठी शोध लावायची गरज नाही, उत्तर आपल्याच रंगपटात बसलेले असते. बाहेरगावाहून येणाऱ्या व्यावसायिक स्त्री कलाकार पाहा. काल डिचोली, आज आमचे गाव, उद्या काणकोण. त्यांच्याकडे स्वतःचा डबा असतो. स्वतःचा स्पंज, स्वतःचे काजळ, स्वतःचा टॉवेल, आरसाही स्वतःचा. मेकअपमनने हात पुढे केला तर गोड बोलून नको म्हणतात. आम्ही पुरुष कोपऱ्यात कुजबुजायचो, बाईंचे नखरे बघा. सव्वीस वर्षांत यांतली एकही बाई माझ्या काउंटरवर ट्यूब मागायला आलेली नाही.

तर माझे मागणे नखऱ्यांचे आहे. प्रत्येक नटाचा स्टीलचा एक डबा, वर त्याचे नाव. आत दोन स्पंज, काजळ, लिपस्टिक, छोटा टॉवेल, साबणाची वडी. प्रयोगानंतर स्पंज साबणाने धुऊन पूर्ण वाळवायचा. ओला स्पंज डब्यात बंद केला तर तो डबाच जंतूंचे गोदाम होईल. मेकअपमननी मोठ्या डब्यातला रंग स्वच्छ चमच्याने काढून एका ताटलीवर घ्यावा आणि ताटलीवरून लावावा. चेहऱ्याला लागलेली कुठलीच वस्तू डब्यात परत जाऊ नये, एवढे एक पाळले तरी निम्मे काम झाले. ब्रश पुसायला सत्तर टक्क्यांचे अल्कोहोल घ्या. नव्वद-पंच्याण्णवचे जास्त कडक म्हणून मागू नका. जंतूतली प्रथिने मोडायला थोडे पाणी लागतेच, आणि कडक स्पिरिट आपले काम करण्याआधीच उडून जाते.

ड्रेपरीवाल्यांना मी सांगणार नाही की रोज मखमल उकळत्या पाण्यात घाला. जर जाईल, रंग जाईल आणि तुमचा धंदाही. तीन रात्री तीन गावे आणि भाड्यात आम्ही शेवटच्या रुपयापर्यंत घासाघीस करणार, मग धुवायला वेळ आणि पैसा आणायचा कुठून? म्हणून हे काम नटाने करायचे. अंगरख्याखाली स्वतःची पूर्ण बाह्यांची सुती गंजी, सलवारीखाली स्वतःची आखूड सुती पँट, टोपाखाली कापडी टोपी. घाम त्यात मुरतो, मखमलीपर्यंत थोडाच पोचतो. ते कपडे घरी गरम पाण्यात धुता येतात, उन्हात वाळवता येतात. ड्रेपरीवाल्यांकडे मागणे एवढेच की सकाळी कपडे उलटे करून तासभर तरी उन्हात टाका आणि ओला अंगरखा ट्रंकेत कोंबू नका. नाट्यमंडळांनी भाडे ठरवताना त्या एका तासाचे चार पैसे द्यावेत. पडद्यावरच्या रोषणाईवर खर्च करतो त्यापुढे ते काहीच नाहीत.

मेकअपमननो, तुमच्याबद्दल एक काळजीही आहे. अकरा चेहऱ्यांना तुमची बोटे लागतात, म्हणजे तुमच्या बोटांनाही अकरा चेहरे लागतात. साधारण तीस टक्के माणसांच्या नाकात स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू मुक्कामाला असतो, त्यांना काही होत नाही. तो कापलेल्या जागी गेला की पू धरतो. दोन चेहऱ्यांच्या मध्ये हात धुवायला तुम्ही उठलात तर दिग्दर्शकाने घड्याळ दाखवू नये. नाटक तसेही वेळेवर कधी सुरू होते?

सगळ्यांत अवघड भाग लपवण्याचा. आपले नाटक देवाला दिलेले असते. तापात, घरातले दुःख बाजूला ठेवून उभी राहिलेली माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांच्यापुढे माझी मान लवते. पण याच धाकाने डोळे आलेला नट सकाळपासून थेंब घालून लाली लपवतो आणि रात्री तीच पेन्सिल दुसऱ्याला देतो. डोळे आलेला माणूस दहा-बारा दिवस इतरांना देऊ शकतो. त्याला भूमिका सोडायला लावा असे मी म्हणत नाही. त्याने फक्त आधी सांगावे, रंग आपल्या हाताने लावावा, टॉवेल वेगळा ठेवावा. आणि तालमीला बसणाऱ्या कोणाला तरी मोठ्या भूमिकांची वाक्ये पाठ असू द्या. प्रॉम्प्टरला तर सगळे नाटकच येते, आमच्या प्रॉम्प्टरने दोनदा प्रयोग वाचवला आहे.

यंदा आमच्या मंडळापुरते ठरले आहे. पहिल्या तालमीलाच प्रत्येकाला रिकामा डबा मिळेल, पैसे माझे. सेनापतीने नावे रंगवायचे काम अंगावर घेतले आहे. त्याचे अक्षर छान आहे. ज्या मंडळांना हवे असेल त्यांच्या तालमीला मी येऊन अर्धा तास बोलेन. मानधन नको, शेवटच्या अंकाआधीचा चहा पुरे.

आपला,
एक हौशी नट आणि फार्मासिस्ट
फोंडा तालुका

ता. क. घरात अर्धी उरलेली कुठलीही खाजेची ट्यूब असली तर तिच्यावरची बारीक अक्षरे वाचा. नावाच्या शेवटी ‘झोल’, ‘सोन’ किंवा ‘सॉल’ दिसले तरी त्यावरून अंदाज बांधू नका. बुरशीच्या आणि स्टेरॉइडच्या औषधांची नावे फसवण्याइतकी सारखी असतात. ट्यूब घेऊन कुठल्याही फार्मसीत जा आणि आत काय आहे ते मोठ्याने विचारा. पुटपुटू नका.